गवताच्या वर क्षणभर

ऑगस्टमधली सकाळ. पाऊस नुकताच उघडलेला, गवत गुडघ्याच्या वर आलेलं. बघावं तिकडे नुसतं हिरवं. मग त्या हिरव्यातून एक काळा पक्षी सरळ वर उसळतो, माणसाच्या डोक्याइतका उंच जातो, पंखांचा टर्रर्र असा बेडकासारखा आवाज करतो, मान मागे टाकतो, पाय पोटाशी घेतो आणि जिथून उडाला जवळपास तिथेच खाली येतो. गवत मिटतं. पुन्हा काहीच नाही.

हा तणमोर. गुजरातीत खडमोर, हिंदीत खरमोर. नावातच गवत आहे. माळढोकाच्या कुळातला आपल्याकडचा सगळ्यात छोटा पक्षी. नर अर्ध्या किलोच्या आतबाहेर, मादी त्याहून जड. पावसाळ्यात नराची मान आणि पोट काळं होतं, पंखांवर पांढरा पट्टा उठतो, आणि कानामागून दोन्ही बाजूंना तीन-तीन रिबिनीसारखी पिसं फुटतात, टोकाला चमच्यासारखी पसरट. एवढा साज करून तो उभा राहतो कुठे, तर त्याच्यापेक्षा उंच गवतात. मादीला तो दिसणार कसा? म्हणून उडी. एक नर दिवसाला ४०० ते ५०० वेळा उडतो. पंखांचा तो आवाज वारा नसेल तर ३००-४०० मीटरवर ऐकू येतो.

वर्षातले नऊ-दहा महिने हा पक्षी लपण्यावर जगतो आणि उरलेले दोन-तीन महिने दिसण्यावर. पिल्लं व्हायची तर दिसावंच लागतं. पण गवतावर नजर लावून बसलेली फक्त मादीच नसते.

इंग्रज अमदानीतले बंदुकवाले तणमोराला निघायचे ते पावसाळ्यातच, कारण एरवी तो सापडायचाच नाही. उडी दिसली की तिकडे चालत जायचं, पक्षी उठला की बार टाकायचा. ऐन विणीच्या हंगामात नर टिपले जात आणि त्याला शिकारीचा हंगाम म्हटलं जाई. बंदुका गेल्या, तरी फास राहिले. नर आपली जागा सोडत नाही. हेक्टर-दोन हेक्टरचा तुकडा तो धरून बसतो आणि त्यातल्या दोन-चार ठरलेल्या ठिकाणांहून रोज उडतो. आज जिथे दिसला तिथे उद्याही असणार, हे कुणालाही दोन दिवसांत कळतं. त्याच्यापुढे पाठलागाचं कौशल्य लागतच नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण उपाय तिच्यावर अवलंबून आहे. तणमोराला शिंग नाही, कातडं नाही, परदेशात विकला जाईल असा एकही अवयव नाही. त्याच्यामागे तस्करांची टोळी नसते. असतं ते थोडंसं मांस. कुणाच्या तरी घरचं एका वेळचं कालवण, किंवा ओळखीच्या गिऱ्हाइकाला गुपचूप पोचवलेला पक्षी. त्यातही तितरासाठी, लाव्यासाठी किंवा सशासाठी लावलेल्या फासाला समोर कोण आलं ते कळत नाही. गवतातून चालत जाणारी तणमोराची मादी त्यात अडकते ती अशीच. आणि ऑगस्टमध्ये एक मादी गेली की तिच्याबरोबर तीन-चार अंडी जातात. अंडी उबवायला दुसरं कुणी नसतं. नर फक्त उडतो. घरटं, अंडी, पिल्लं सगळं मादीचं.

कायद्यात काही उणं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तणमोर पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे तीन ते सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २५,००० रुपये दंड. फास लावणं, पकडणं, हाका घालून उठवणं, अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हे सगळंच त्या कायद्यानं ‘शिकार’ आहे. पण फास लावायला पाच मिनिटं लागतात, काढायला दोन. वनरक्षकाच्या वाट्याला गावंच्या गावं येतात आणि तणमोराची बरीच वीण तर वनखात्याच्या हद्दीबाहेर, गायरानात आणि शेतात होते. तिथे रोज पहाटे हजर असतो तो गुराखी, सालदार, गवत कापणारी बाई, आणि पारधी.

विदर्भात, अकोला-वाशिमच्या बाजूला, तणमोराचा विषय फासेपारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, गेल्याशिवाय पुरा होत नाही. या समाजाच्या नावातच फास आहे. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्या शिक्क्याचं ओझं यांनी पिढ्यान् पिढ्या वाहिलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि पोट ज्याच्यावर चालायचं तेच काम गुन्हा झालं. जमीन दिली नाही, दुसरा धंदा दिला नाही, नुसती बंदी दिली. शिकार थांबायलाच हवी होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रान वाचण्यात ज्याचा पैशाचाही फायदा नाही, त्याला रान वाचवायला सांगणं फार काळ चालत नाही.

आणि ज्ञान त्यांच्याकडेच आहे. ओल्या मातीतला एक ठसा घ्या. तीन बोटं पुढे, मागे काही नाही. तितराच्या, मोराच्या पायाला मागचं बोट असतं आणि मऊ मातीत त्याची खूण बहुधा उमटते. माळढोकाच्या कुळाला ते बोटच नसतं. म्हणजे तणमोर? थांबा. करवानक या पक्ष्यालाही तीनच बोटं असतात आणि तोही असल्याच माळावर फिरतो. नवखा इथेच चुकतो आणि वहीत तणमोर लिहून मोकळा होतो. जाणता माणूस एका ठशावर बोलत नाही. तो पावलांमधलं अंतर बघतो, माग कुठून कुठे गेला ते बघतो. करवानक मोकळ्या, दगडगोट्याच्या जागी रेंगाळतो, तणमोराचा माग गवताच्या कडेनं येऊन गवतात शिरतो. विष्ठेत भुंग्यांची चकाकती कवचं आणि नाकतोड्यांचे पाय सापडतात. हे बेड्यावरच्या पोराला आठव्या-नवव्या वर्षी येतं. शिकारीसाठी शिकलेली ही नजर मोजणीला आणि राखणीला जशीच्या तशी कामी येते. तिला पगार मिळाला पाहिजे, एवढंच.

काही बेड्यांनी तशी सुरुवात करून दाखवली आहे. गवताळ रान राखायचं, पावसाळ्यात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, गवत वेळेवर कापून विकायचं, आणि तणमोराला हात लावायचा नाही असं जमातीत ठरवायचं. पारध्यांमध्ये पंचांचा शब्द अजून चालतो. बाहेरून आलेल्या नोटिसीपेक्षा तो जास्त पाळला जातो. वनहक्क कायद्यातून सामूहिक हक्क मिळाला, की रान राखणाऱ्याला ते उद्या कुणी काढून घेईल ही भीती उरत नाही. ही भीती असेपर्यंत कुणीही पुढच्या वर्षीच्या गवताचा विचार करत नाही.

आता प्रत्यक्ष कामाचं.

फास शोधायची मोहीम जूनमध्ये, पहिला पाऊस पडला की करायची. गवत तेव्हा वीतभर असतं, जमीन दिसते आणि पक्षी अजून बसलेला नसतो. पाच-सहा माणसांनी तीन-चार मीटर अंतर ठेवून एका ओळीत चालायचं, सूर्य समोर आणि खाली असताना. दवाचे थेंब नायलॉनच्या दोऱ्यावर ओळीनं बसतात आणि तिरप्या उन्हात तो दोरा चमकतो. नऊनंतर दव उडालं की तोच दोरा पायाखाली आला तरी दिसत नाही. नजर ठेवायची ती आडोशांवर: कुणी काट्याकुट्यांची वीतभर उंच रांग घातली आहे का, आणि तिच्यात मधे फटी सोडल्या आहेत का. गवतात शिरणारी वाट, नाल्याचा काठ, धुऱ्यातली (शेताच्या बांधातली) भगदाडं, ही बघायची ठिकाणं.

फास सापडला की लगेच उपटायचा नाही. आधी फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ. मग वनरक्षकाला बोलवायचं. महाराष्ट्रात वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. पंचनामा झाल्यावर फास खुंटीसकट काढायचा. नुसता दोरा कापला आणि खुंटी राहिली तर संध्याकाळी नवा दोरा बांधला जातो. पिसं मिळाली तर कागदाच्या पाकिटात ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत ती ओलीनं कुजतात आणि पुरावा म्हणून उभं राहील असं काही उरत नाही. खटले पडतात ते बऱ्याचदा असल्या साध्या गोष्टींवर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जुलैच्या मध्यापासून गवताच्या आत जायचं नाही. राखणीच्या उत्साहात इथे फार नुकसान होतं. मादी जमिनीवर, गवताच्या बुडाशी, जेमतेम खळगा करून अंडी घालते आणि सुमारे २१ दिवस बसते. माणूस जवळून गेला की ती उठते. ओल्या गवतातून गेलेल्या माणसामागे वाट पडते, त्या वाटेनं कुत्रं येतं, मुंगूस येतं, आणि कावळा तर वरून बघतच असतो. म्हणून हंगामातली गस्त धुऱ्यावरून, गाडीवाटेवरून आणि उंचवट्यावरून. दुर्बीण आत जाते तेवढं पुरे.

मोजणीही अशीच बाहेरून. उजाडल्यापासून साडेआठ-नऊपर्यंत आणि पुन्हा दुपार कलल्यावर. आभाळ भरलेलं असेल तर नर दिवसभर उडतात. मोजायचे ते उडणारे नर, कारण मादी मोजता येतच नाही. चुका दोन होतात. पहिली, एकच नर त्याच्या दोन-तीन उडीच्या जागांवरून उडतो आणि तीन नर लिहिले जातात. त्यावर उपाय म्हणजे दोन माणसांनी दोन बाजूंनी एकाच वेळी बघायचं, घड्याळं जुळवून, आणि प्रत्येक उडीची वेळ लिहायची. एकाच मिनिटात दोन ठिकाणी उडी दिसली तरच दोन नर धरायचे. दुसरी चूक अधिक मोठी आहे. एका वर्षी नर दिसले नाहीत म्हणून ‘इथला तणमोर संपला’ असं लिहून टाकणं.

तणमोर पावसामागे फिरतो. गुजरातेत पाऊस लवकर आणि चांगला झाला तर तिकडे थांबेल, नाहीतर पुढे सरकेल. एखाद्या माळावर तीन वर्षं नसतो, चौथ्या वर्षी उडताना दिसतो. १९८२ मध्ये देशात ४,३७४ पक्ष्यांचा अंदाज होता. ऐंशीच्या दशकात पश्चिम भारतात ओळीनं दुष्काळ पडले आणि १९८९ मध्ये हा आकडा १,६७२ वर आला. पाऊस सुधारला, तेव्हा १९९४ मध्ये २,२०६ झाले. म्हणजे या पक्ष्यात उठून उभं राहायची ताकद आहे, मात्र तो परत येईल तेव्हा माळ जागेवर असला पाहिजे. पण पक्षी नाही म्हटल्यावर त्या जमिनीला ‘पडीक’ म्हणतात, तिथे सलग समतल चर खणतात, गिरिपुष्प लावतात. वेडी बाभूळ तर न लावताच येते. झाडं आली की कावळ्याला बसायला जागा मिळते, आणि मोकळ्या माळावर वाढलेला पक्षी तिथे पाय ठेवत नाही. अकोला-वाशिमकडच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनींवर हे फार झालं आहे, आणि हिरवं करण्याच्या सदिच्छेनं झालं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. आज देशभरात तणमोर काही शेकड्यांत मोजायची वेळ आली आहे. २०२१ पासून आंतरराष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. मध्य प्रदेशात सैलाना आणि सरदारपूर ही दोन अभयारण्यं १९८३ मध्ये याच पक्ष्यासाठी झाली, भावनगरजवळ वेळावदरचं गवत आहे, राजस्थानात अजमेरच्या बाजूला मुगा-उडदाच्या शेतांत तो अजून उडतो. आपल्याकडे कारंजा-सोहोळचं अभयारण्य आहे, पण ते जेमतेम १८ चौरस किलोमीटर. बाकी सगळं रान लोकांच्या हातात.

गवत नाही म्हणून मादी सोयाबीनमध्ये बसते. लांबून सोयाबीन तिला गवतासारखंच वाटत असावं: हिरवं, दाट, गुडघाभर. पण त्यात डवरणी म्हणजे कोळपणी होते, निंदण होतं, फवारणी होते. घरटं सापडतं ते बहुधा निंदताना, मादी पायाखालून उठते तेव्हा. त्या क्षणी काय करायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. काम करणाऱ्या सगळ्यांनी त्या बाजूनं निघून जायचं. घरट्याच्या दोन्ही अंगाला पाच-सहा तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, तशीच सोडायची. तिथे डवरा नाही, विळा नाही, फवाऱ्याचं नोजल नाही. खूण करायची ती घरट्याजवळ कधीच नाही. शेतात उभी काठी दिसली की कावळा तिच्यावर बसतो आणि बाहेरचा माणूस तिच्याकडे चालत येतो. खूण धुऱ्यावर: एका धुऱ्यावर एक दगड, समोरच्या धुऱ्यावर दुसरा, आणि त्या रेषेवर इतकी पावलं असं मालकानं मनात ठेवायचं. तीन आठवड्यांत अंडी फुटतात आणि पिल्लं लगेच आईमागे चालायला लागतात. मग तासं पुन्हा कामाला मोकळी. शेतकऱ्याचं नुकसान होतं ते गुंठ्याच्याही आत, आणि ते हातात रोख भरून दिलं तर दुसऱ्या वर्षी तो स्वतः निरोप पाठवतो. मध्य प्रदेशात सैलान्याकडे पक्षी कळवणाऱ्या आणि राखणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षीस द्यायची पद्धत याच विचारानं आली. पैसे मात्र त्याच हंगामात मिळाले पाहिजेत. उशिरा आलेलं बक्षीस न दिल्यासारखंच असतं, आणि त्याची बातमी गावात बक्षिसापेक्षा वेगानं फिरते.

फवारणीबद्दल एक वाक्य पुरे नाही, पण थोडक्यात: पिल्लाचं पहिलं अन्न किडे आहेत. नाकतोडा, भुंगा, अळी. ज्या आठवड्यात पिल्लं बाहेर येतात त्याच आठवड्यात शेतातला प्रत्येक किडा मारायची आपली धडपड चालू असते.

आता फोटोवाल्यांविषयी. उडीचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो, कारण ती उडी खरोखर सुंदर आहे. पण जागेचं नाव टाकून चढवलेला फोटो शिकाऱ्यालाही दिसतो, आणि नर दोन महिने तिथेच असतो. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप बसते, ती आधी काढायची. नोंद करायची तर तालुक्यापर्यंत, तीही हंगाम संपल्यावर. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून नराला जवळ आणणं पूर्ण बंद. तो आवाज त्याला दुसरा नर वाटतो, आणि मादीसाठी राखलेली ताकद तो त्या डबड्याशी भांडण्यात घालवतो. नर दिसत असेल तर थांबायचं किमान २०० मीटरवर, गाडीतच. गाडीतून उतरलं की तो गवतात बसतो, आणि बसलेला नर म्हणजे न झालेल्या उड्या.

शेवटी गवत. मारवेल, पवण्या, कुसळी. अगदी चराई नसलेलं रानही तणमोराला चालत नाही. चार-पाच वर्षं कुणी तोंड लावलं नाही तर जुनं वाळकं गवत दाटतं, बुडाशी चालायला जागा राहत नाही आणि पक्षी सोडून जातो. त्याला हवं असतं मधलं काहीतरी: उडीसाठी थोडी उघडी, उंचवट्याची जागा आणि तिच्या शेजारी मादीला लपायला गुडघाभर गवत. म्हणून नोव्हेंबर ते मे बेतानं चराई, पहिल्या पावसापासून ऑक्टोबरपर्यंत बंद.

खरी ओढाताण कापणीची आहे. गुरांना सकस गवत हवं तर ते फुलोऱ्यात, सप्टेंबरमध्ये कापावं. बी झडल्यावर त्यातला कस जातो आणि पेंढीला भाव मिळत नाही. पक्ष्याला हवा ऑक्टोबरचा मध्य, कारण उशिराची पिल्लं तेव्हा कुठे उडू लागतात. दोघांचंही खरं आहे. रानाचे तीन भाग केले तर निभतं. जिथे यंदा एकही उडी दिसली नाही तो भाग सप्टेंबरअखेर कापायचा, दुसरा ऑक्टोबरच्या मध्यानंतर, तिसरा यंदा तसाच ठेवायचा, बी पडायला आणि उशिरा बसलेल्या मादीला. पुढच्या वर्षी भाग फिरवायचे.

आणि कापायचं मधून बाहेर. सवय उलटी असते. लोक कडेनं सुरू करतात आणि गोल गोल आत येत जातात. त्यामुळे गवतातलं जे काही असेल ते आत आत सरकतं आणि शेवटच्या पट्ट्यात कोंडतं, मग विळ्याखाली येतं किंवा बांधावर बसलेल्या कुत्र्याच्या तोंडात जातं. मधून सुरुवात केली, पुढे एका माणसानं काठीनं गवत हलवत हळू चाललं, तर पिल्लांना बाहेरच्या उभ्या गवतात जायला वाट राहते. दोन विळ्यांमध्ये थोडं थांबायचं. मादी आधी एकटी बाहेर येते, मान उंच करून उभी राहते, आणि बराच वेळ हलत नाही. ती परत आत गेली तर समजायचं की पिल्लं अजून आतच आहेत. तेवढं गवत त्या दिवशी कापायचं नाही.